जुम्याची वेळ फळ्यावर लिहा : मिरजेतल्या एका नर्सचं मशिदीच्या विश्वस्तांना खुलं पत्र

प्रति,
आमच्या मोहल्ल्याच्या मशिदीचे विश्वस्त, पेशइमामसाहेब आणि जमातीतले बुजुर्ग यांस,

अस्सलामु अलैकुम व रहमतुल्लाहि व बरकातुहू.

मी याच मोहल्ल्यात जन्मले. छातीशी सिपारा धरून मदरशात पळणारी मुलगी म्हणून तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी मला पाहिलंय. सतारीचं काम करणाऱ्या अब्बांची मी थोरली लेक. आता इथल्याच एका इस्पितळात अतिदक्षता विभागात स्टाफ नर्स आहे, 17 वर्षं झाली. हे पत्र मी एखाद्या चाचांच्या हातात बंद पाकिटातून देऊ शकले असते. पण यातलं दुखणं माझ्या एकटीचं नाही. कुपवाडला पाळीवर जाणारे, एसटी चालवणारे, मार्केटात हातगाडी लावणारे, दवाखान्यांतून आया आणि वॉर्डबॉय म्हणून राबणारे आपलेच लोक आहेत. त्यांनीही हे वाचावं आणि माझं चुकत असेल तिथे मला टोकावं, म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय.

सुरुवात माझ्या धाकट्या भावापासून करते. तो एमआयडीसीत एका कारखान्यात लेथवर आहे. जेवणाची सुट्टी 1 ते 2. जुम्याची जमात, म्हणजे शुक्रवारची दुपारची सामूहिक नमाज, दीडला, असं आपण सांगतो. दीडला खरोखर जमात उभी राहिली तर तो मोटारसायकलवरून दोन-सव्वादोनपर्यंत मशीनवर पोचतो. दहा-पंधरा मिनिटं सुपरवायझर सांभाळून घेत होता. पण त्याआधीचं बयान, म्हणजे प्रवचन, लांबतं. कधी दहा मिनिटं, कधी वीस. त्यानंतर खुतबा, मग नमाज. दोन महिन्यांत चार वेळा तो अडीचनंतर पोचला. चौथ्या वेळी अर्ध्या दिवसाचा पगार कापला गेला आणि चार माणसांत ऐकूनही घ्यावं लागलं. तेव्हापासून तो जुम्याला येत नाही. मशीनच्या मागे पुठ्ठा टाकून जोहर, म्हणजे रोजची दुपारची नमाज, पढतो.

मग एके दिवशी नाक्यावर जमातीतल्या एका बुजुर्गांनी त्याला थांबवून विचारलं, "काय रे, पैशापुढे दीन विसरलास?" त्या रात्री तो जेवला नाही. अम्मीने दोनदा ताट वाढलं, दोनदा झाकून ठेवलं. ज्याने आठ वर्षं एक जुमा चुकवला नव्हता, त्या मुलाबद्दलचं हे वाक्य आहे. ते बोलणाऱ्यांचा मला राग नाही, त्यांच्या मनात काळजीच असणार. पण त्याचा जुमा कुठल्या वीस मिनिटांत सुटला, हे त्यांना माहीत नव्हतं. मला तेच सांगायचंय. आमचा दिवस कसा जातो, हे मशिदीला माहीत नाही.

हजरत मुआज बिन जबल यांची हदीस, म्हणजे पैगंबरांच्या काळातली गोष्ट, इमामसाहेबांनीच आम्हाला लहानपणी सांगितली होती. मुआज इशाच्या, म्हणजे रात्रीच्या, नमाजची इमामत करत होते आणि त्यांनी सूरह बकरा सुरू केली. 286 आयतींची, कुरआनातली सगळ्यांत लांब सूरह. मागे सफमध्ये, म्हणजे नमाजच्या रांगेत, एक माणूस होता, दिवसभर उंटांवरून पाणी ओढून दमून आलेला. त्याने जमात सोडली, बाजूला एकट्याने नमाज पढली आणि तो निघून गेला. मुआज त्याला मुनाफिक, म्हणजे ढोंगी मुसलमान, म्हणाले. ते त्याच्या कानावर गेलं, तसा तो थेट हुजूर (स.), म्हणजे आपले पैगंबर, यांच्याकडे गेला आणि म्हणाला, आम्ही हाताने राबणारी माणसं आहोत. हुजूर (स.) रागावले, पण त्या राबणाऱ्यावर नाही. मुआज यांना त्यांनी तीनदा विचारलं की तू लोकांना फितन्यात, म्हणजे संकटात, टाकतोस का? शम्स, आला, लैल अशा छोट्या सूरा पढत जा म्हणाले, कारण तुझ्या मागे म्हातारे असतात, दुबळे असतात, कामाची निकड असलेले असतात.

मुआज साधे इमाम नव्हते. हलाल-हरामचं इल्म ज्यांना सगळ्यांत जास्त आहे असं खुद्द हुजूर (स.) म्हणाले, ते हे सहाबी, पैगंबरांचे साथी. एवढ्या आलिम माणसालाही मागे वळून सफमध्ये कोण उभं आहे ते बघायला सांगितलं गेलं. माझ्या भावाच्या अंगालाही त्या दुपारी कारखान्याच्या ऑइलचा वास होता, आणि घड्याळात दोनला पाच कमी होते.

जुम्याची आयत आपण सगळे ऐकतो. सूरह जुमा, नववी आयत: जुम्याच्या नमाजची हाक आली की अल्लाहच्या जिक्रकडे धाव घ्या आणि खरेदी-विक्री सोडा. दर जुम्याला तिचा उल्लेख होतो. तिला लागूनच दहावी आयत आहे. नमाज संपली की जमिनीवर पसरा आणि अल्लाहचा फज्ल शोधा. म्हणजे कामाला लागा, रोजी कमवा, आणि त्यातही अल्लाहची आठवण भरपूर ठेवा. दुकान बंद करायचा हुकूम आणि दुकान उघडायची वाट, दोन्ही लागोपाठ आल्या आहेत. आमच्या मिंबरवरून, म्हणजे मशिदीतल्या इमामांच्या आसनावरून, नववी आयत इतकी ऐकू येते आणि दहावी इतकी कमी, की पोरांना वाटायला लागलंय, मशिदीतून कामावर परत जाणं म्हणजे दीनकडे पाठ करणं.

एकाच मशिदीत जुम्याच्या दोन जमाती, हा मसला नाजूक आहे, त्यात मी पडत नाही. पण मिरजेत मशिदी अनेक आहेत. इथे जोहरचा वक्त वर्षभर सव्वाबारा ते पाऊणच्या दरम्यान लागतो. असर, म्हणजे दुपारनंतरची नमाज, आपल्या हनफी पंथाच्या हिशोबाने, ऐन थंडीतही चार वाजून गेल्यावरच. मधे तीन तासांहून जास्त वेळ आहे आणि आपण सगळ्या मशिदी एक ते दोनमध्येच दाटी करतो. चार मशिदींचे विश्वस्त एकदा एकत्र बसले तर एकीत एक वाजता, दुसरीत दीडला, तिसरीत दोनला, चौथीत अडीचला जुमा होऊ शकतो. पाळीवरून दोनला सुटणाऱ्यालाही मिळेल, शाळेतल्या मास्तरांनाही मिळेल. आणि ठरलेली वेळ ही बयान सुरू होण्याची नसावी, जमात उभी राहण्याची असावी. ती फळ्यावर खडूने लिहा आणि घड्याळाप्रमाणे पाळा. ज्यांना निवांत वेळ आहे त्यांच्यासाठी बयान नमाजनंतर पुन्हा सुरू करता येईल. ज्याला बसायचंय तो बसेल, ज्याला जायचंय तो मान खाली न घालता जाईल.

आता माझ्याबद्दल. दुपारची पाळी 2 ते 8. जोहर मी घरून पढून निघते. असर आणि मगरिब, म्हणजे सूर्यास्तानंतरची नमाज, ड्युटीवर. असरला वेळ बराच असतो, ती साधते. मगरिबची खरी ओढाताण. थंडीत सूर्य सहाच्या आसपास बुडतो, पावसाळ्यात सातच्या पुढे, आणि तासा-सव्वातासात इशा लागते. नेमक्या त्याच वेळेला संध्याकाळची औषधं, डॉक्टरांचा राउंड, नातेवाइकांची भेटण्याची वेळ. लिननच्या खोलीत एक जानमाज ठेवलाय. तीन फर्ज, म्हणजे नमाजची बंधनकारक आवर्तनं, आणि दोन सुन्नत, सात-आठ मिनिटं लागतात. आमच्या इनचार्ज सिस्टर ख्रिश्चन आहेत. मगरिबची बांग ऐकू आली की त्या माझ्या पेशंटच्या मॉनिटरजवळ येऊन उभ्या राहतात आणि म्हणतात, "जा, मी बघते." रविवारी सकाळी त्यांची चर्चची वेळ असते तेव्हा त्यांचे पेशंट माझ्याकडे. हे कुणी नियम करून ठरवलेलं नाही. इतक्या वर्षांत आमच्यात ते आपोआप जुळलं.

पण पहिली दहा-बारा वर्षं मी ड्युटीवरच्या नमाजा सोडत होते, हे इथे कबूल करते. आधी घरी येऊन कजा करायचे, म्हणजे चुकलेली नमाज मागून पढायचे. मग थकवा, मुलं, स्वयंपाक, आणि कजाही राहू लागली. ड्युटी हे कारण माझ्याजवळ तयार होतं आणि ते खरंही होतं, म्हणून त्याच्या आड लपणं सोपं गेलं. माझ्यासारखे अनेक आहेत. मशिदीने वेळ जुळवून दिली तरी उठून जायचं आमचं आम्हालाच आहे, हे मला ठाऊक आहे.

2020 चा रमजान एप्रिलच्या शेवटी सुरू झाला. मशिदी बंद होत्या. पीपीई किट एकदा चढवलं की पाणी नाही, वजू (नमाजआधीचं हातपाय-तोंड धुणं) नाही, सहा-सहा तास. त्या महिन्यात मी माणसं जाताना पाहिली, जवळ घरचं कुणी नसताना. कुणाचा हात हातमोज्यातून धरून कलमा म्हटला, कुणासाठी त्यांच्या देवाचं नाव घेतलं. घरी आल्यावर आंघोळ करून मुसल्ल्यावर बसले की उठवत नव्हतं. नमाज माझ्याकडे परत आली ती तेव्हा, आणि त्याच कामातून. त्याच वर्षी ईदला शेजारच्या इचलकरंजीतल्या आपल्या लोकांनी जकातीचे, म्हणजे धर्माने सांगितलेल्या दानाचे, 36 लाख रुपये जमवून तिथल्या सरकारी इस्पितळाला दहा खाटांचा अतिदक्षता विभाग दिला. आम्ही नर्सेसनी ती बातमी एकमेकींना वाचून दाखवली होती. जमातीने एखाद्या गोष्टीकडे नीट पाहिलं की काय होऊ शकतं, ते तेव्हा दिसलं.

एक छोटी गोष्ट सांगते, कारण तिच्यात माझी बरीच वर्षं गेली. ड्युटीवर वजू करताना सगळ्यांत अवघड पाय धुणं. इस्पितळाच्या बेसिनमध्ये पाय वर घेतला की लोक बघतात, फरशी ओली होते, एकदा तर घसरून एका मावशींना लागलं. याच एका अडचणीपायी मी कित्येक असर सोडल्या. मग वयाच्या 38 व्या वर्षी हजहून आलेल्या एका नातेवाईक बाईंकडून कळलं की वजू करून चामड्याचे मोजे चढवले तर पुढच्या वजूला पाय धुवायची गरज नाही. ओली बोटं मोज्यावरून फिरवायची, मसह झाला. घरी असणाऱ्याला एक दिवस-रात्र ही सवलत आहे, मुसाफिराला तीन दिवस. हुजूर (स.) यांनी स्वतः केलेली गोष्ट. एवढ्या वर्षांत बयानात ती मी कधी ऐकली नव्हती, आणि अब्बा दर जुम्याला पहिल्या सफमध्ये बसतात तरी त्यांच्याही कानावर आली नव्हती. कुपवाडला सेफ्टी शूज घालून दिवसभर उभ्या राहणाऱ्या पोरांना ती कुणी सांगितली आहे का? एसटीच्या ड्रायव्हरला सांगितलंय का, की मुक्कामाची गाडी सुमारे 77 किलोमीटरच्या पुढे जात असेल तर चार फर्जचे दोन होतात? दीनने आमच्या कामाचा विचार आधीच केला आहे. तो आमच्यापर्यंत पोचवायचं काम तुमच्याकडे आहे.

रोज्यांबद्दल मला सगळ्यांत जास्त बोलायचंय, आणि इथे मी लेक म्हणून नाही, नर्स म्हणून बोलते.

गेल्या रमजानमध्ये पंधरावा-सोळावा रोजा असेल. दुपारी चारला एका चाचांना बेशुद्ध आणलं. वय साठीच्या पुढे, वीस वर्षांची शुगर, सकाळी सहेरीला (रोज्याआधीच्या जेवणाला) नेहमीएवढंच इन्शुलिन घेतलेलं. मशीनवर साखर 41 आली. शिरेतून ग्लुकोज गेलं, तासाभराने डोळे उघडले आणि पहिला शब्द, "माझा रोजा?" त्यांच्या सुनेने सांगितलं, दुपारपासून घाम फुटत होता, हात थरथरत होते, घरात साखर तपासायचं मशीनही होतं. पण रक्त काढलं की रोजा जातो, असं त्यांच्या मनात घट्ट बसलेलं. चाचा वाचले. असे प्रत्येक वेळी वाचतातच असं नाही, हे मी पाहिलंय.

बोटाला सुई टोचून थेंबभर रक्त तपासल्याने रोजा तुटत नाही. हे आपल्या उलेमांनी केव्हाच सांगितलेलं आहे. इन्शुलिनच्या टोचणीबद्दलही आपल्याकडचे बहुतेक मुफ्ती हेच सांगतात. आणि साखर 70 च्या खाली गेली, किंवा 300 च्या वर चढली, तर तिथल्या तिथे रोजा सोडावा, असं डॉक्टर सांगतात. इफ्तारला अर्धा तास उरला असला तरी. आजारी माणसाने आणि मुसाफिराने रोजे नंतर पुरे करावेत, अल्लाहला तुमच्यासाठी आसानी हवी आहे, कठीण नको, हे सूरह बकरामध्ये रमजानच्याच आयतीत आहे. ज्याला पुढेही जमणार नाही, त्याच्यासाठी फिदया आहे, एका रोज्यामागे एका गरिबाचं जेवण. पोटुशी बाई, अंगावर पाजणारी आई, यांनाही मुभा आहे. हे सगळं माझ्या पेशंटना मी सांगते तेव्हा ते मान हलवतात, पण मनात म्हणतात, ही तर दवाखान्याची बाई, ही हेच बोलणार. हेच इमामसाहेबांनी मिंबरवरून एकदा सांगितलं, तर शंभर घरांत ऐकलं जाईल.

म्हणून माझी विनंती आहे. रमजानला अजून चार महिने आहेत. रमजानआधीच्या शाबान महिन्यातला एक जुमा यासाठी ठेवा. शुगर, बीपी, किडनीचे जे पेशंट आहेत त्यांनी महिनाभर आधी डॉक्टरांना विचारून औषधांच्या वेळा बदलून घ्याव्यात, एवढं सांगा. मी आणि माझ्या दोन मैत्रिणी त्या दिवशी मशिदीबाहेर टेबल मांडून बसू, साखर आणि बीपी तपासू, पट्ट्या आम्ही आणू.

तरावीहचंही, म्हणजे रमजानातल्या रात्रीच्या जादा नमाजचंही, बोलते. माझा मुलगा यंदा दहावीला आहे. गेली काही वर्षं रमजान आणि बोर्डाच्या परीक्षा एकमेकांवर येतायत, येत्या रमजानातही त्याचे पेपर असणार. तो रोजे ठेवणार म्हणतो, मी अडवणार नाही. पण खतम तरावीह, जिच्यात महिन्याभरात पूर्ण कुरआन पढला जातो ती, उरकून घरी यायला साडेदहा-अकरा होतात, पहाटे पाचच्या आत सहेरीला उठायचं आणि सकाळी पेपर. गेल्या वर्षी शेजारची मुलगी गणिताच्या पेपरात झोपून गेली. मशिदीचा वरचा मजला रमजानात रिकामा असतो. तिथे छोट्या सूरांची तरावीह ठेवली तर परीक्षेची पोरं, पहिल्या पाळीचे कामगार, गुडघे धरलेले म्हातारे अर्ध्या वेळेत वीस रकात, म्हणजे नमाजची आवर्तनं, पढून घरी जातील. हाफिजसाहेबांची खतम तरावीह खाली तशीच चालू राहील. तिची बरकत कुणी कमी करत नाही. आज पोरं काय करतात, तर आठ रकात पढून चपला शोधत निघून जातात, आणि मागून कुणीतरी ओरडतं.

आता बायकांचं. हे लिहिताना हात थोडा थांबतो, पण लिहिते.

मिरज दवाखान्यांचं गाव आहे. बेळगाव, विजापूर, सोलापूरकडून रोज पेशंट येतात. त्यांच्याबरोबर आया, बहिणी, बायका येतात. ऑपरेशन चालू असतं, बाहेर त्या फूटपाथवर बसलेल्या असतात. ज्या वेळी माणसाला नमाजची सगळ्यांत जास्त गरज, नेमक्या त्या वेळी त्यांना सजद्याला हातभर जागा नसते. पुरुष मशिदीत जाऊन येतात. बायकांची जोहर जाते, असर जाते, मगरिब जाते. कितीदा मी माझ्या लिननच्या खोलीत एखादीला गुपचूप नेलंय. ते नियमाविरुद्ध आहे आणि रोज करता येण्यासारखं नाही.

मी जमातीत बायकांच्या सफ मागत नाही आहे. त्यावर उलेमांत जी मतं आहेत ती आहेत. मी एक खोली मागते. दवाखान्यांजवळच्या एका मशिदीत रस्त्याच्या बाजूने वेगळं दार, वजूचे दोन नळ, चार जानमाज, किबल्याची (मक्केच्या दिशेची) खूण, एक पडदा. हे शरियतच्या बाहेरचं नाही. पुण्यातल्या एका दांपत्याने 2019 मध्ये बायकांच्या मशीदप्रवेशासाठी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. तेव्हा मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाने 2020 च्या जानेवारीत लेखी दिलं की बायकांना मशिदीत येऊन नमाज पढायला इस्लाममध्ये मनाई नाही, मात्र जमातीने पढणं त्यांच्यावर बंधनकारकही नाही. अल्लाहच्या बांद्यांना, म्हणजे बायकांना, अल्लाहच्या मशिदींपासून अडवू नका, ही हदीस तर आपण सगळेच जाणतो.

आणि माझ्या पेशाची म्हणून मला एक बाई रोज आठवते. हजरत रुफैदा. खंदकच्या लढाईत साद बिन मुआज यांना बाण लागला, तेव्हा हुजूर (स.) यांनी त्यांना मस्जिदे नबवीच्या आवारातल्या तंबूत ठेवलं, म्हणजे जवळून विचारपूस करता येईल. रुफैदा तिथे जखमींची सेवा करत होत्या. एका बाजूला नमाजच्या सफ आणि दुसऱ्या बाजूला रक्त पुसणारी बाई, एकाच आवारात. नाइट ड्युटीला जाताना आपल्या मशिदीसमोरून रिक्षा जाते, तेव्हा मी त्या तंबूचा विचार करते.

अब्बांबद्दल एक गोष्ट अनेक दिवस पोटात आहे. मिरजेत सतारीचं काम दीडशेहून जास्त वर्षांचं. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घरांतून ते सुरू झालं. 2024 मध्ये इथल्या सतार आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. अब्बा आयुष्यभर भोपळे कापत, तबली चिकटवत, जवारी लावत बसले. जवारी लावायची म्हणजे घोडीवर कानस फिरवायची, तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा कानस. कानावरचं काम आहे. बांग सुरू झाली की अब्बा कानस खाली ठेवायचे. म्हणायचे, आता दुसरं काही ऐकायचं नाही. कारखान्याच्या फळीवर जानमाज होता, भुसा झटकून तिथेच जोहर व्हायची. अल्लाहचा हुकूम आणि हातातली तार, यांत त्यांना कधी भांडण दिसलं नाही.

मागे बाहेरगावच्या एका मौलानांचं बयान झालं. वाद्यं बनवून खाल्लेली भाकरी हलाल नाही, असं त्यांनी आवाज चढवून सांगितलं. समोर पहिल्या सफमध्ये सत्तरीचे चार सतारमेकर बसले होते. अब्बा त्यानंतर आठवडाभर कारखान्यात गेले नाहीत. ज्या कमाईवर आम्हा तीन भावंडांची शिक्षणं झाली, ज्या कमाईतून मशिदीच्या वरच्या मजल्याला फरशी दिली, तिच्याबद्दल म्हातारपणी ते मला विचारत होते, "बेटी, आपण हराम खाल्लं का गं?"

संगीतावर उलेमांत एक मत नाही, हे मी जाणते. मी फतवा मागत नाही. पण ही मिरज आहे. मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरूसाला गाणं होतं. तिथेच किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब विसावलेत. 1937 मध्ये प्रवासात एका स्टेशनवर त्यांची तब्येत बिघडली. तेव्हा त्यांनी फलाटावरच नमाज पढली, तंबोरा जुळवायला सांगितला आणि दरबारी रागात कलमा गात डोळे मिटले, असं इथली जुनी माणसं सांगतात. अब्बा ती गोष्ट सांगताना आजही रडतात. मिंबरवर कुणाला बसवायचं हे तुम्ही ठरवता. बसवण्याआधी त्यांना एवढंच सांगा, की समोर कोण बसणार आहे, त्यांच्या हातांना कशाचे घट्टे आहेत.

भाषेचंही एवढंच, की माझा मुलगा मराठी शाळेत शिकतो. घरात आम्ही मराठी आणि दखनी मिसळून बोलतो. बयानातली जड उर्दू त्याच्या डोक्यावरून जाते आणि तो मोबाइल काढतो. महिन्यातला एक बयान मराठीतून होऊ द्या. कुरआनचे मराठी तर्जुमे आहेत, ते सांगू शकणारी तरुण मुलं मोहल्ल्यात आहेत.

हजरत सलमान फारसी यांनी अबू दर्दा यांना सांगितलेलं मला फार जवळचं वाटतं. अबू दर्दा दिवसा रोजे, रात्रभर नमाज, आणि घरात बायकोकडे लक्ष नाही. सलमान त्यांच्याकडे मुक्कामाला राहिले, त्यांना बळेच जेवू घातलं, रात्री झोपवलं, शेवटच्या प्रहरी उठवलं आणि म्हणाले, आता पढू या. तुझ्या रबचा तुझ्यावर हक आहे, तुझ्या जिवाचा हक आहे, तुझ्या घरच्यांचा हक आहे, ज्याचा त्याला दे. हुजूर (स.) यांच्या कानावर हे गेलं तेव्हा ते म्हणाले, सलमान खरं बोलले. नाइट संपवून मी घरी येते, डबे भरते, मुलांना शाळेत घालवते आणि चार तास झोपते, तेव्हा मी त्या हकांचाच हिशोब चुकवत असते. हजरत फातिमा यांच्या हातांना जात्याने फोड आले होते. त्या वडिलांकडे, हुजूर (स.) यांच्याकडे, मदतीला माणूस मागायला गेल्या तेव्हा त्यांना झोपताना म्हणायची तसबीह, म्हणजे अल्लाहचा जप, मिळाली, 33, 33 आणि 34 वेळा. ती मी रोज म्हणते. बहुतेक दिवशी 34 पर्यंत पोचायच्या आत झोप लागते. तेवढी तरी कबूल होत असेल, अशी आशा ठेवते.

कमिटीची बैठक महिन्याच्या पहिल्या रविवारी इशानंतर असते, हे मला माहीत आहे. मी बाहेर, पडद्याआड बसून माझं म्हणणं सांगायला तयार आहे. ते रीतीला धरून नसेल तर अब्बा हे पत्र वाचून दाखवतील. आमचं पुढच्या महिन्याचं ड्युटीचं वेळापत्रक 25 तारखेला लागतं, भावाच्या कारखान्यातही पाळ्या त्याच सुमाराला बदलतात. तो सुपरवायझरला विचारून ठेवतोय की शुक्रवारी जेवणाची सुट्टी अर्धा तास पुढे घेता येईल का. सुपरवायझर म्हणाला, "आधी मला मशिदीची पक्की वेळ आणून दे."

25 च्या आत ती फळ्यावर लिहाल का?

आपल्या दुआंची तलबगार,
मोहल्ल्यातली एक लेक,
स्टाफ नर्स, मिरज